मिठागरातला क्रॅनबेरीचा रस

क्रॅनबेरी हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो एका प्लास्टिकच्या बाटलीवर. त्या बाटलीतला रस संपला मिठागराच्या बांधावर, बाटलीच्याच झाकणाने, आठ बायकांत. त्यातली एक माझी आई. हल्ली मी कामोठ्यातल्या एका लॅबमध्ये बसते, आणि लघवीची तपासणी करायला आलेल्या मुली मला विचारतात, मॅडम, क्रॅनबेरी ज्यूस प्यायला तर फायदा होतो का हो? काउंटरवर गर्दी असते, मी दोन वाक्यांत उत्तर देते. खरं उत्तर त्याहून लांब आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. मुलग्यांच्याही आधी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पनवेलच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, मग लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पनवेल गावातल्या एका छोट्या लॅबमध्ये नोकरीला लागले. आमचं गाव कामोठ्याच्या बाजूला, खाडीच्या अंगाला. बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. आई दिवाळीनंतर हंगाम लागला की पाऊस येईपर्यंत मिठागरात. आम्ही त्याला नुसतं आगर म्हणतो.

आईने मला शिकवलं, आणि शिकवायचं म्हणूनच आगरात कधी पाऊल ठेवू दिलं नाही. डबा पोचवायलाही नाही. पोरीच्या डोक्यावर एकदा मिठाची टोपली चढली की ती उतरत नाही, असं तिचं म्हणणं. त्यामुळे झालं असं, की मायक्रोस्कोपखाली काय काय दिसतं ते मला पाठ होतं, पण माझी आई सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत दिवस कसा काढते हे मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

आईला दर हंगामात उन्हाळी लागायची. लघवीला आग, थेंब थेंब, ओटीपोटात कळ. घरात त्याचं कुणाला विशेष वाटत नसे, कारण आगरातल्या सगळ्याच बायकांना ती लागायची. संध्याकाळी घरी आलं की धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं, सब्जा भिजवून घ्यायचा, दोन दिवस तोंड वाकडं करून फिरायचं, की संपलं. मी नोकरीला लागल्यावर मात्र माझ्या अंगात विज्ञान आलं होतं. मी तिला म्हटलं, सकाळची पहिली लघवी दे, मी तपासून आणते. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जसं मी तिला चौकात नाचायला सांगितलंय. लेकीच्या हातात असलं काही द्यायचं, यासाठी का तुला शिकवली, असं बराच वेळ पुटपुटत राहिली.

आठवड्याभराने तीच एका सकाळी औषधाची जुनी बाटली भरून, कागदात गुंडाळून घेऊन आली.

"शेजारनीचा हाय," ती म्हणाली. "तिला लई तरास होतंय. बघून ये."

मी बाटली नेली. स्लाइड लावली तर पू-पेशींनी सगळं क्षेत्र भरलेलं, मोजायची सोय नाही. संध्याकाळी घरी येऊन मी आईला गंभीरपणे सांगितलं की शेजारणीला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे घेऊन जा. आई भाकरी थापत होती. तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "ती नाय जानार. तिला आगरातून सुट्टी नाय."

आमची शेजारीण आयुष्यात कधी आगरात गेलेली नव्हती. तिचं भाजीचं दुकान होतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पदवी असली म्हणजे सगळं लगेच कळतं असं नाही, हे तेव्हापासून मी मान्य केलेलं आहे.

चार दिवसांनी आईला थंडी वाजून ताप भरला. आमच्याकडे थंडी वाजली की सगळे हिवताप म्हणतात, बाबाही तेच म्हणाले. पण ती उजव्या कुशीवर हात दाबून बसली होती. तेव्हा कुठे मला त्या बाटलीची मालकीण कळली. तिला पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला, आणि तिसऱ्या दिवशी आई पुन्हा आगरात. महिन्याभरात तोच ताप, तीच कूस. या वेळी सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला न घेता आईसमोरच सांगितलं, आणि ते बरं केलं: उजव्या किडनीला सूज आहे, जंतुसंसर्ग खालून वर चढतोय, असंच पुन्हा पुन्हा होत राहिलं तर ती किडनी कामातून जाईल. गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा आणि दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं.

आईने मान डोलावली. गोळ्या तिने घड्याळ लावून घेतल्या. पाण्याचं नाव काढलं की ती दुसरा विषय काढायची.

मी रोज सकाळी तिच्या टोपलीत पाण्याची बाटली ठेवायचे. संध्याकाळी ती बाटली तशीच परत यायची. मी भांडायचे. किडनी म्हणजे काय, ती रक्त कशी गाळते, जंतू कसे वर चढतात, हे सगळं मी तिला वहीत चित्र काढून समजावलं. तिने चित्राचं कौतुक केलं. बाटली दुसऱ्या दिवशीही भरलेलीच आली.

याच सुमारास आमच्या लॅबचे सर अमेरिकेला लेकीकडे जाऊन आले. सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली आणि मला वेगळं बोलावून दोन मोठ्या बाटल्या दिल्या, गडद लाल रंगाच्या. म्हणाले, तुझ्या आईचं ऐकलंय मी. तिकडे बायकांना सारखी उन्हाळी लागत असेल तर हा रस पितात. ह्या फळात असं काहीतरी असतं की जंतू मूत्राशयाच्या आतल्या कातडीला चिकटून बसत नाहीत, लघवीबरोबर वाहून जातात, असं म्हणतात. मी खात्री देत नाही, आणि झालेला आजार याने बरा होत नाही, गोळ्या चालूच ठेव. पण पुन्हा होऊ नये म्हणून प्यायला हरकत नाही. चवीला आपल्या करवंदासारखं, आंबट-तुरट.

मी लेबल वाचलं. पहिला घटक पाणी, दुसरा रस, तिसरा साखर. मी घरी नेऊन आईला सांगितलं, अमेरिकेहून आलंय, तुझ्या दुखण्यावर आहे, रोज पी. एवढंच सांगितलं. किती प्यायचं ते सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, सरबताला काय माप सांगायचं.

माझं इथे चुकलं. आईच्या लेखी ते सरबत नव्हतं. अमेरिकेहून, विमानाने, डॉक्टरसारख्या माणसाने, दुखण्यावर म्हणून दिलेलं. म्हणजे औषध, आणि तेही जालीम. तिने ते झाकणाने मोजून घेतलं. सकाळी एक झाकण, देवाला हात जोडून. आणि आमच्याकडे औषधावर पाणी प्यायचं नसतं, औषध पातळ होतं आणि गुण येत नाही, म्हणून त्यानंतर दुपारपर्यंत तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. आधी सकाळचा पेलाभर कोरा चहा तरी पोटात जायचा. तोही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून आगरात घेऊन गेली. आठ बायकांचा जथा होता त्यांचा, वर्षानुवर्षं एकत्र मीठ वाहणाऱ्या. एकटीने औषध घेणं तिला शोभलं नसतं. रोज सकाळी बांधावर रांग लागायची, आई झाकण भरायची आणि एकेकीच्या तोंडात ओतायची. कुणीही ओठ लावायचे नाहीत, कुणीही वर पाणी प्यायचं नाही. पहिल्याच दिवशी दोघींना हलकं वाटू लागलं. एकीची कंबर दुखायची थांबली. एकीच्या सुनेला दिवस गेले, त्याचंही श्रेय झाकणाकडे गेलं. हे सगळं मला नंतर कळलं. मला एवढंच दिसलं की बाटली भराभरा रिकामी होतेय, आणि मी खूश होते की आई एकदाची पिऊ लागली.

बाटली संपली त्याच शनिवारी आई पुन्हा तोंड वाकडं करून फिरू लागली. ताप नव्हता, पण आग सुरू झाली होती. तेव्हा एकेक करत झाकणाची हकिगत बाहेर आली. मी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन पुन्हा गोळ्या आणल्या. त्यांनी मला एकच विचारलं, ती पाणी का पीत नाही, हे विचारलंस का कधी? मी म्हटलं, हट्टी आहे. त्या म्हणाल्या, हट्टाला काहीतरी कारण असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईने अंथरुणात पडून राहायला साफ नकार दिला, मिठाची रास लावायची होती म्हणे. मग मी ठरवलं, आपणही जायचं. आईने अडवलं, मी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. दुसरी बाटली मी कपाटातून काढली, अर्धी कॅनमध्ये ओतली, वरून कॅन भरून पाणी घातलं आणि ग्लास घेऊन निघाले. ओतणार मी, पिणार त्या, माप माझं.

आगर मी लांबून रोज पाहायचे. आत गेल्यावर वेगळं असतं. खाऱ्या पाण्याच्या चौकोनी चौकोनी कुंड्या, मधून वीतभर रुंदीचे बांध, पांढऱ्यावर ऊन पडून डोळे उघडवत नाहीत, आणि जिकडे बघावं तिकडे सपाट. पुरुष लांब दांड्याच्या फळ्यांनी मीठ ओढत होते, बायका टोपल्या भरून राशीकडे वाहत होत्या. मी बांधावर उभी राहून भाषण केलं. झाकण बंद, आता ग्लास. हे औषध नाही, सरबत आहे. दर तासाला एक ग्लास प्यायचा.

सगळ्या ऐकत होत्या. कुणी ग्लास हातात घेईना. आईची एक मैत्रीण होती, वयाने तिच्याहून मोठी, जिभेने सगळ्यांची आई. ती म्हणाली, "आधी तू पी गो बाय. तू शिकलेली हाय, तू दाखव कसा पितात."

मी प्यायले. एक ग्लास. त्यांनी वाहवा केली. तासाने दुसरा. मग उन्हाने तहान लागली म्हणून तिसरा, चौथा. चव खरंच छान होती. त्या टोपल्या वाहत होत्या आणि जाता-येता माझ्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. मला वाटलं, माझं पाहून त्या शिकतायत.

अकराच्या सुमाराला मला जायची गरज वाटू लागली. मी इकडे तिकडे पाहिलं. झाड नाही, झुडूप नाही, कुंपण नाही. एक पंपाची शेड, तिच्यापुढे मुकादम आणि दोन पुरुष विडी ओढत बसलेले. मैलभर पलीकडच्या रस्त्यावरून जाणारी सहा आसनी रिक्षासुद्धा स्पष्ट दिसत होती, म्हणजे तिच्यातल्या माणसांना मीही दिसत असणार. मी आईजवळ जाऊन हळूच विचारलं, तुम्ही कुठे जाता?

"जात नाय," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे जात नाय. सकाली घरून निघताना जायचा, मंग घरी गेल्यावर. आगरात पान्याची नुसती चूल भरून थुकायची, गिलायचा नाय. नवीन पोरगी आली का पयल्या दिवशी हेच शिकवतो आमी तिला."

तीन लिटर. वहीतलं किडनीचं चित्र. टोपलीत ठेवलेली बाटली. ते सगळं आठवून मला तिथल्या तिथे लाज वाटली, पण लाज वाटायलाही सवड नव्हती. मी पाय आवळून उभी होते. आईच्या मैत्रिणीने माझा चेहरा पाहिला, टोपली खाली ठेवली आणि बाकीच्यांना हाक मारली. म्हणाली, "या गो, मास्तरीनबायची शाला सुटली."

आठही जणी आल्या. दोघींनी पदर सोडून लांब धरले, बाकीच्या पाठ करून गोल उभ्या राहिल्या. मध्ये मी, पदवीधर. त्या बाहेर तोंड करून हसत होत्या, हसताना पदर हलत होते, आणि मी आतून ओरडत होते की हलवू नका. आई सगळ्यात जास्त हसत होती. तिला इतकं हसताना मी घरी कधी पाहिलं नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा त्या डोळे पुसत होत्या. आणि मग हळूहळू हसणं थांबलं. मैत्रीण म्हणाली, तिचंही मागच्या वर्षी असंच कुशीत दुखलं होतं. दुसरी म्हणाली, तिच्या सासूच्या तर लघवीतून रक्त जायचं. आई मिठाच्या राशीकडे बघत होती. राशीला लागून रिकाम्या गोणपाटांचा ढीग पडला होता, कमरेएवढा. मीठ भरायला गोणी लागतात, आगरात दुसरं काही नसलं तरी गोणपाट असतंच. इतक्या वर्षांत शेकडो गोणी त्यांनी तोंडं शिवून ट्रकमध्ये चढवल्या असतील. तो ढीग रोज त्यांच्यासमोर होता.

मुकादम नात्याने आईचा चुलत दीर. त्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसे आणि मजुरी घेतानाही बोलायचं झालं तर दुसरीला पुढे करायची. मी म्हटलं, मी सांगते त्यांना. आईने माझं मनगट धरलं. "तू नको. तू उद्या लॅबमधी जाशील. हिथं मना यायचा हाय." मग ती बांधावरून चालत शेडकडे गेली. आम्ही सगळ्या मागे, जरा अंतर ठेवून.

ती त्याच्यासमोर उभी राहिली, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "भावजी, चार बांबू पायजेत. गोनपाटं आमी घेतो."

"कशाला?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. किडनीचं नाव, जंतूंचं नाव, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मी मनातल्या मनात तिला पुरवत होते. तिला त्यातलं काही लागलं नाही.

"मुतायला," ती म्हणाली.

बाकीच्या दोन पुरुषांनी विड्या विझवल्या आणि खाडीकडे बघू लागले. मुकादमाचे कान लाल झाले. तो उठला, शेडच्या मागे गेला आणि स्वतः बांबू ओढून घेऊन आला. जाता जाता एवढंच म्हणाला, वहिनी, आधी सांगायचा ना. आईने मला नंतर सांगितलं की त्याच्या बायकोलाही दर हंगामात उन्हाळी लागायची, आठ जणींत तीही होती, झाकण घेणारी.

शेडच्या पाठीमागे, चिखल नसलेल्या जागी, दुपारपर्यंत आडोसा उभा राहिला. सुतळीने गोणपाटं शिवण्यात त्या तरबेज होत्याच. वर छप्पर नव्हतं, दाराला एक गोणपाट लोंबत होतं, आत दोन दगड आणि पाण्याची एक कळशी. उद्घाटनाचा मान मैत्रिणीने घेतला. आत गेली आणि आतून ओरडून सांगितलं की इथे गार वारा लागतो, मी आता संध्याकाळी बाहेर येईन.

मग कॅन संपायला अर्धा तासही लागला नाही. राहिलेली अर्धी बाटली पुढच्या दोन दिवसांत गेली. त्यानंतर नुसतं पाणी. पण आमच्या बायकांच्या जिभेला त्या आंबटाची चटक लागली होती. चैत्र-वैशाखात कर्नाळ्याच्या बाजूच्या कातकरी बायका पनवेलच्या बाजारात करवंदं घेऊन येतात. मी येताना पिशवी भरून आणायचे. आई ती कुस्करून, गाळून, गूळ आणि मीठ घालून कॅनभर सरबत करायची. मीठ घरचंच. त्या सरबताला आगरात अमेरिका म्हणत. आज अमेरिका आणलीस का गो, असं विचारत. मी सरांना बाटलीभर नेऊन दिलं. ते म्हणाले, करवंदात तो गुण आहे की नाही हे काही मला माहीत नाही, पण अजून थोडं असेल तर दे.

मलाही माहीत नाही. मी करवंदावर कुठलाही दावा करत नाही. क्रॅनबेरीबद्दलसुद्धा आज मी मुलींना एवढंच सांगते: पुन्हा पुन्हा उन्हाळी लागत असेल तर काही जणींना त्याने फरक पडतो, सगळ्यांना नाही. साखर किती घातलीय ते बघा, मधुमेह असेल तर जास्तच बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, मुतखडा असेल तर डॉक्टरला विचारून घ्या. ताप आला, कुशीत दुखलं, तर रस बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. आणि मग मी त्यांना एक जास्तीचा प्रश्न विचारते, जो फॉर्मवर नसतो: तुम्ही काम करता तिथे जायची सोय आहे का? दहांतल्या चार-पाच जणी नाही म्हणून मान हलवतात. त्यांत दुकानात उभ्या राहणाऱ्या असतात, शाळेत शिकवणाऱ्या असतात, एक तर चांगल्या काचेच्या ऑफिसातली होती.

आईला त्या हंगामात पुन्हा ताप आला नाही. पावसाच्या आधी आम्ही सोनोग्राफी केली, किडनीची सूज उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरून आईला दाखवली. आईने ती नीट पाहिली आणि माझ्या वहीतलं चित्र जास्त चांगलं होतं असं सांगितलं.

पुढच्या दिवाळीनंतर ओवे गावाकडच्या एका आगरातल्या बायका मुद्दाम आईला भेटायला आल्या. लाल औषधाची कीर्ती तिकडेपर्यंत गेली होती. ते कुठे मिळतं, झाकण किती घ्यायचं, उपाशीपोटी की जेवून, हे सगळं विचारायला. मी घरीच होते. सांगण्यासाठी मी खुर्ची पुढे ओढली, पण आईने मला चहा ठेवायला पाठवलं.

आतून मला तिचा आवाज ऐकू येत होता. ती त्यांना विचारत होती, तुमचा मुकादम कोन? तुमच्या नात्यातला का परका? शेडच्या मागं जागा हाय का? मग म्हणाली, "औषध बिवषध काय नाय. आधी गोनपाट बांधा. मंग पानी प्या, पोट भरून."

कुणीतरी विचारलं, आणि मुकादमाला सांगायचं कसं?

"मी येतंय तुमच्याबरोबर," आई म्हणाली. "मना आता जमतंय."